पहिल्या हाकेची ओ

१ एप्रिल, मंगळवार

आले एकदाची नागपूरला. उमरेडहून सकाळची बस पकडली, दिघोरीला उतरून खोलीवर सामान टाकलं आणि दहाच्या ठोक्याला धरमपेठेतल्या केंद्रात हजर झाले. दहाच्या म्हणजे नऊ चाळीसला. फार लवकर जाणंही बरं दिसत नाही म्हणून समोरच्या गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. हात दोनदा धुतले, तरी रुजू होण्याच्या अर्जावर पिवळं बोट उमटलंच. नवा अर्ज मागितला. कारकून हसले, पण दिला.

केंद्र म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. प्रमुख मिनल मॅडम. भरभर चालतात, भरभर बोलतात, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मात्र शांत थांबतात. माणसाचं लक्ष, शिकणं आणि प्रतिक्रियेचा वेग वयाप्रमाणे कसा बदलतो, यावर इथे अभ्यास चालतो. सहा वर्षांच्या मुलांपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे येतात. त्यांना समजावून सांगायचं, बसवायचं आणि आकडे तपासायचे, हे माझं काम.

माझ्या कागदांत पहिली ते चौथी शाळाच नाही, हे त्यांनी मुलाखतीत विचारलं होतं. बाबांनी घरीच शिकवलं, हातमागाशेजारी बसवून, असं मी सांगितलं. मागावर काय शिकायला मिळतं, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हटलं होतं की तुटलेला धागा डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळायला लागतो. आज म्हणाल्या की त्या एका वाक्यावर त्यांनी मला घेतलं. मी खोटं तर बोलले नव्हते ना, हे बसमध्ये परत येताना तपासून पाहिलं. नव्हते.

४ एप्रिल, शुक्रवार

कामाची रीत आता पाठ झाली. आवाज न येणारी एक लहान खोली आहे. माणसाला तिथे बसवून कानांवर हेडफोन लावायचे. थोड्या थोड्या वेळाने त्यात त्याचं नाव ऐकू येतं. आलं की बटण दाबायचं आणि ओ द्यायची. तीन सेकंदांत दाबलं नाही तर नाव पुन्हा एकदा येतं. अशा चाळीस फेऱ्या. त्यातल्या सहा रिकाम्या: त्यांत काहीच वाजत नाही. कोण ऐकून दाबतं आणि कोण अंदाजाने, ते या सहा फेऱ्यांत उघडं पडतं.

सगळ्यांची नावं एकाच आवाजात हवीत म्हणून मॅडमनी तिघींचे आवाज ऐकले आणि माझा घेतला. राग नाही, माया नाही, घाई नाही, असा आवाज हवा होता म्हणे. स्तुती होती की काय ते कळलं नाही. मी थँक्यू म्हटलं. दोन दिवसांत एकशे दहा नावं बोलून दिली. जी, बाई, काका काही लावायचं नाही, नुसतं नाव. मोठ्या माणसांची नावं अशी घेताना दर वेळी जीभ अडखळायची, मग तेवढं परत करायचं.

शाळेची मुलं आज येऊन गेली. रिकाम्या फेरीतही धडाधड दाबतात. कॉलेजची वैभवी सगळ्यांत चलाख, सेकंदाच्या पाव भागात ओ देते. दिवस छान गेला.

९ एप्रिल, बुधवार

आज एक गोष्ट सांगून टाकली. सोमवारपासून पोटात होती.

साठीच्या पुढचे अकरा जण झाले. त्यांतले नऊ जण पहिल्या हाकेला दाबतच नाहीत. दुसरी आली की लगेच दाबतात. मॅडमना वाटलं, कान गेलेत. कान तपासले, तर चांगले निघाले. मग त्यांना वाटलं, वयाने लक्ष मंदावतं ते हेच. लेखात तसं जाणार म्हटल्यावर मला राहवलं नाही.

आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. त्यातून भर बाराच्या उन्हात तर नाहीच. माणूस असेल तर पुन्हा बोलावेल. जे एकदाच बोलावतं ते माणूस नसतं. बाबांनी अंक शिकवायच्या आधी मला हे शिकवलं. आत्या चुलीपासून हाक मारायची, माझा हात मागाच्या धोट्यावरून उचलला जायचा, आणि बाबा न बोलता मान हलवायचे. दुसरी आली की सोडायचे. ओ देणं म्हणजे नुसतं तोंडाने नाही, उठून जाणं, डोकावणं हीसुद्धा ओच, असं ते म्हणत.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे ही माणसं मंद नाहीत. शिकवलेली आहेत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, इतक्या त्या खूश झाल्या. आता संशोधनाला नवा भाग जोडणार. लहानपणी शिकलेलं या वयात पुसता येतं का, आणि किती दिवसांत.

कसं पुसायचं ते मीच सुचवलं. दुसरी हाक काढूनच टाकायची. एकदाच येईल. पहिल्या हाकेला ओ दिली तर हिरवा दिवा, नाही दिली तर काही नाही, पुढची फेरी. मॅडमनी टाळी वाजवली. घरची गोष्ट बाहेर सांगितली याची जरा चुटपुट आहे. पण खरं तेच सांगितलं.

१७ एप्रिल, गुरुवार

शिकवणं सुरू झालं. चार जणांना दुपारची वेळ दिली आहे, साडेअकरा ते साडेबारा, एकेकाला वेगळ्या दिवशी. सकाळची कामं आटोपून येता येतं आणि जेवायला घरी जाता येतं.

कौशल्याबाई बहात्तर वर्षांच्या. माहेर रामटेककडचं, आता मुलाकडे हिंगण्याला असतात. मुलगा तिथल्या कारखान्यात आहे. पदरावरूनच हेडफोन लावतात. पहिल्या दिवशी तोंड काचेजवळ आणून म्हणाल्या, "काहून वं पोरी, मले बहिरी समजते का? ऐकून राहिली ना मी. तू दुसऱ्यांदा काहून नाई बोलवत?" मी हिरव्या दिव्याचं समजावलं. दिव्यासाठी दाबायला लागल्या, आणि दिवा लागला की लहान मुलीसारख्या माझ्याकडे बघतात.

नत्थूजींनी चाळीस वर्षं गांधीबागेत कापड मोजलं. त्यांना दर वेळी आपला आकडा हवा असतो, आणि कौशल्याबाईंचा त्याहून कमी तर नाही ना, हेही.

गणपतराव मात्र शिकेनात. हाताची घडी घालून बसतात. "ज्याले काम असन तो बोलवन पुन्हा," म्हणतात. मग दुसरी हाक येत नाही आणि त्यांचं काही अडतही नाही. चहा मात्र न चुकता दोन कप पितात.

चौथ्या बाई उन्हाला घाबरून यायच्या बंद झाल्या. मॅडमना चौथं माणूस हवं. बाबांना विचारू का?

२५ एप्रिल, शुक्रवार

बाबा सोमवारी आले, रोज सकाळी बसले, आज दुपारच्या वेळेला, आणि परत गेले. आधी नाही म्हणाले होते. कशासाठी ते फोनवर सांगितल्यावर म्हणाले की तुझ्या कामाचं असेल तर येतो.

कानात माझा आवाज, रुपराव, रुपराव. पहिल्या दिवशी हसत बाहेर आले. "बापाले नावानं हाका मारून राहिली," म्हणाले, आणि सगळ्यांना सांगत सुटले. पण पहिल्या हाकेला हात उठेना. दर वेळी काचेतून माझ्याकडे बघायचे आणि चुकलं म्हणून मान हलवायचे. मला वाईट वाटायला लागलं. बुधवारी मी त्यांना म्हटलं की बाबा, मीच बोलावतेय ना, मग कशाला थांबता. त्यानंतर थांबले नाहीत.

आज साऱ्या हाकांना एक तृतीयांश सेकंदात ओ. सगळ्यांत लवकर तेच शिकले. मी त्यांच्या नावापुढे "शिक्षण पूर्ण" लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

२८ एप्रिल, सोमवार

काहीतरी चुकलं आहे, बहुतेक माझंच.

आठवड्याचे आकडे तपासत होते. रिकाम्या फेरीत म्हातारी माणसं कधीच दाबत नाहीत, आजवर एकदाही नाही. गेल्या आठवड्यात तिघांनी एकेकदा दाबलं. कौशल्याबाईंनी मंगळवारी, नत्थूजींनी बुधवारी, बाबांनी शुक्रवारी. तिघांनी ओसुद्धा दिली, ती मायक्रोफोनवर आहे. वेळ पाहिली. तिन्ही वेळा बारा वाजून गेले होते, पाच-सात मिनिटंच. गणपतरावांनी एकदाही दाबलं नाही.

फायली उघडून ऐकल्या. त्या जागी शांतता आहे. हेडफोन बदलून ऐकल्या. शांतताच. मग रेषांचा आलेख पाहिला. सरळ रेष.

मॅडम म्हणाल्या, शिकण्याची ही ठरलेली पायरी आहे, शिकलेला माणूस काही दिवस उतावळा होतो. असेल.

मनातून जाईना म्हणून संध्याकाळी बाबांना फोन करून विचारलं की त्या फेरीत काय ऐकलं. म्हणाले, "तूच होती ना?"

२९ एप्रिल, मंगळवार

कौशल्याबाईंना विचारलं. सहज विचारल्यासारखं.

त्या म्हणाल्या, होय, एकदा माझा आवाज या कानावरच्या डब्यातून नाही आला, मागून आला. खांद्याजवळून. मी म्हटलं, मी तर काचेच्या बाहेर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तेच म्हटलं मी. तव्हा तू गोड बोलली होती."

आजही रिकाम्या फेरीत ओ दिली. बारा वाजून सहा मिनिटं. मी काचेबाहेरून त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी मान वळवली. मागे.

३ मे, शनिवार

कौशल्याबाई गेल्या. परवा.

हिंगण्याला जाऊन आले. सून सांगत होती. सकाळी ठणठणीत होत्या. दुपारी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. घरात कोणी बोलावलं नाही. एकदम ओ म्हणाल्या, ताट बाजूला ठेवलं, उठल्या, मागच्या खोलीत गेल्या. आली गं आली, असं म्हणत. सुनेला वाटलं फोनवर बोलताहेत. जेवायला बोलवायला गेली तर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

किती वाजता, हे मी विचारू नये असं ठरवून गेले होते. विचारलं. स्वयंपाक झाला होता, बारा वाजले असतील, म्हणाली.

८ मे, गुरुवार

नत्थूजीही गेले.

त्यांच्या बायकोचा केंद्रात फोन आला, यापुढे येणार नाहीत म्हणून. मीच घेतला. ते काही बोलले नाहीत म्हणे. खुर्चीतून नुसते उठले आणि कोणी बोलावल्यासारखे आत गेले. भर दुपारी.

गणपतराव आज आले होते. दोन कप चहा प्यायले. ठणठणीत आहेत.

९ मे, शुक्रवार

मॅडमना सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोनिका, मे महिना, पंचेचाळीस डिग्री, सत्तरीची दोन माणसं. हा पुरावा नाही. हा नागपूरचा उन्हाळा आहे."

मी कागदावर मांडून पाहिलं. त्यांचं बरोबर आहे. दोन माणसांवरून काहीच म्हणता येत नाही.

पण शिकले तिघंच. आणि तिसरे—

बाबांच्या नावाची फाईल पुसून टाकली. नियमात बसत नाही. कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांची सुट्टी मागितली, मॅडमनी लगेच दिली. पाठीवर हात ठेवला. त्या वाईट नाहीत. सुचवलं मी होतं.

१२ मे, सोमवार

बाबांना दिघोरीला, माझ्या खोलीवर घेऊन आले. मला बरं नाही असं सांगून आणलं, मग खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

आम्ही ठरवलं आहे. या घरात दोनदा हाक मारायची. बाबा मला दोनदा मारणार, मी त्यांना दोनदा. एकदाच आली तर ती आपली नाही. उठायचं नाही, बघायलाही जायचं नाही. बाबा म्हणाले, हे तर मीच तुला शिकवलं होतं. आणि हसले.

संध्याकाळी सराव घेतला. मी एकदा हाक मारायची, त्यांनी गप्प बसायचं. दहापैकी दहा वेळा ओ दिली. दहाव्या वेळी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. हाताच्या आडून आली.

१४ मे, बुधवार

वीसपैकी वीस.

बाजेची कड धरून बसतात. हाक आली की बोटं पांढरी पडतात, आणि तरी तोंडातून ओ. मग माझ्याकडे बघतात, काचेतून बघायचे तसे. चुकलं म्हणून मान हलवतात.

शिकवायला पाच दिवस लागले होते.

१६ मे, शुक्रवार

आज बारानंतर, भाकरी मोडता मोडता, ओ. मी बोलले नव्हते. उठायला लागले. मी हात धरला, दोन्ही हातांनी, साडेबारापर्यंत धरून ठेवला. मनगटावर माझी नखं उमटली आहेत.

मग घाम पुसून म्हणाले, माझा आवाज होता. लहानपणी ताप आल्यावर मी त्यांना जशी बोलवायची, तसा.

मी तशी कधीच बोलले नाही त्या खोलीत. राग नाही, माया नाही.

कानात कापूस घाला म्हटलं. घातला. थोड्या वेळाने काढून टाकला. म्हणाले, तू खरंच बोलावलं तर मले ऐकू कसं येईन?

१८ मे, रविवार

आज मला आली.

बाबांच्या आवाजात. मागच्या दारातून. आणि बाबा माझ्यासमोर बसले होते, तोंडात घास होता.

मी हलले नाही. बाबांकडे बघत राहिले. त्यांनी काय म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं.

दुसरी आली नाही.

१९ मे, सोमवार

बारा ते साडेबारा मी त्यांचा हात धरते. नजर हलवत नाही. आज दोनदा उठले. ओढून बसवलं. त्यांची ताकद कमी झाली आहे, की माझी वाढली आहे—

ते म्हणतात, असं किती दिवस करशील गं बाई.

मॅडमचा फोन होता. घेतला नाही.

२० मे, मंगळवार

पुन्हा आली. बाबांचाच आवाज. आता अगदी हुबेहूब, शेवटचं अक्षर ते ओढतात तसं. मी त्यांचा हात धरला होता. तो हात गरम होता म्हणून कळलं की हे खरे, ते नाही. फक्त हातावरून.

हात सोडायचा नाही.

२१ मे, बुधवार

अकरा. बाबा झोपलेत. काल रात्री जागे होते, मीही. डोळे मिटताहेत म्हणून लिहिते आहे.

पावणेबारा. अजून झोपलेत. श्वास चांगला.

डोळा लागला माझा. बसल्या बसल्या. बाज रिकामी.

मागे नळ चालू आहे. कूलरमध्ये पाणी भरताहेत. राहू दे म्हटलं होतं कालच, मी भरीन म्हटलं होतं— बारा वाजून चार.

हाक आली.

सोनिका. मागच्या दाराकडून. बाबांचा आवाज. एकदाच.

मी इथेच आहे. उठले नाही. थांबते. ते दोनदा मारतील. ठरलं आहे. बाबा असतील तर दुसरी येईल. दोनदा मारल्याशिवाय ते—

बारा आठ. नळ तसाच वाहतो आहे. ते नळ कधी असा सोडत नाहीत.

आवाज थोडा बारीक होता. कालच्यापेक्षा. धाप लागल्यासारखा. त्याला धाप लागत नाही. की आता तेही शिकलं?

हात हवा होता. हात धरला असता तर कळलं असतं.

बघायला जाणं म्हणजे ओच. बाबांनीच सांगितलं. पण बाबा असतील, आणि एकदाच मारता आली असेल—

बारा अकरा. सात मिनिटं झाली. सात मिनिटांत माणूस—

दाराखालून पाणी आलं. माझ्या पायापर्यंत. गार आहे.

बाबा, अजून एकदा. मोठ्याने नको, हळूच मारा, मला ऐकू येईल. मी लगेच ओ देईन. फक्त एकदा अजून, बाबा, दुसरी—